गिटारीला दिलेला अर्थ

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. हसायचं असेल त्यानं सुरुवातीपासूनच हसावं. कनेरगाव नाक्यावर, वाशीमकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळून आली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं बसवायची, याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतात. इतकी वर्षं विजेत हात घालणारा माणूस निर्ढावतो. माझं उलटं झालं. मेन स्विच बंद केला तरी मी टेस्टर लावतो, टेस्टर लावला तरी उलट्या हातानं शिवून बघतो, आणि मग पुन्हा टेस्टर लावतो. शेजारचा ढाबेवाला गिऱ्हाइकांना सांगतो, "ह्या मास्तरला चहा द्यायचा तर आधी कपाला टेस्टर लावून दाखवा लागते."

पूर्वी मी असा नव्हतो. मुलगी अकरा वर्षांची असताना घरच्या कडबा कुट्टीची मोटर मी भरली आणि परत बसवली. पात्यावरची जाळी मात्र 'संध्याकाळी लावू' म्हणून भिंतीला टेकवून ठेवली. चारच बोल्ट होते. दुपारी लेकरानं म्हशीसाठी कडबा सारला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. ते चार बोल्ट तेव्हा माझ्या खिशातच होते, दवाखान्यात हात घातला तर हाताला लागले.

त्यानंतर घरात कुट्टी राहिली नाही. शिवणयंत्राची मोटर काढून मी ते परत पायानं चालवायचं केलं. मिक्सर आहे, पण तो मी घरी असेन तेव्हाच लागतो. बायको म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी म्हणतो, पाठी असू दे, पुढ्यात नको.

मुलीच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. सेनगाव तालुक्यातलं, पुसेगावच्या पुढचं एक गाव त्यांचं. त्यांना आडवी गिटार वाजवायचा नाद होता. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा बोटांनी दाबायच्याच नसतात. डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत बार धरायचा आणि तो तारांवरून सरकवत न्यायचा. सूर तुटत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहत जातो. माझी पोरगी हात ओढणीत लपवून वर्गात बसायची. सरांनी एक दिवस तिला समोर बोलावलं आणि म्हणाले, "बार धरायला अंगठा आन दोन बोटंच लागतात, माय. तुझ्याजवळ बराबर तेवढीच हायेत." त्या दिवसापासून हात ओढणीबाहेर आला. या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचं कायम देणं लागतो.

सरांकडून शिकून दहा-बारा वर्षं ती वाजवत राहिली. मग एक अडचण आली. काही जागा अशा असतात की बार तिरका धरल्याशिवाय त्या सुरांची जोडी सापडत नाही, आणि तिरका धरायला मागची दोन बोटं लागतात. तिथं येऊन ती अडायची आणि उठून जायची. एकदा मोबाइलवर तिला परदेशातला एक म्हातारा दिसला. त्याची गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी होती आणि खाली पेडलं होती. तो पेडल दाबायचा आणि बार जागचा न हलवता वरची एखादीच तार चढायची, बाकीच्या तशाच राहायच्या. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"बाबा, बोटाचं काम हा मानूस पायानं करून राहिला."

मी तो तुकडा पुन्हापुन्हा पाहिला. अशी गिटार आपल्या भागात मिळत नाही आणि मागवायची तर ती आपल्या आवाक्यातली वस्तू नाही. पण ती बनलेली कशाची आहे हे मला दिसत होतं. सळया, धुऱ्या, खटके, स्प्रिंग. मी मनात म्हणालो, हे तर आपल्याच भाषेतलं आहे.

पुढचं दीड वर्ष त्यात गेलं. हिंगोलीच्या सॉ मिलमधून सागवानाची जुनी, पुरती वाळलेली फळी आणली. तारा आठच घेतल्या, कारण चांगल्या खुंट्या आठच मिळाल्या. खरं काम तारेच्या दुसऱ्या टोकाला असतं. तिथं प्रत्येक तार एका छोट्या धातूच्या तुकड्यावरून वळते. तो तुकडा एका धुरीवर किंचित डोलतो. पेडल दाबलं की खालची सळई त्याला ओढते आणि तार ताणली जाऊन सूर चढतो. हे तुकडे मी अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापले आणि कानशीनं घासून घासून केले. त्यांना काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना बोटं म्हणायला लागलो. ओढायच्या सळया सायकलच्या आऱ्यांच्या आहेत, दोन-दोन जोडून. गुडघ्यानं ढकलायची एक दांडी आहे, ती ब्रेकच्या दांडीची.

ओढणं सोपं असतं, पुरा कस लागतो तो परत येण्यात. पेडल सोडल्यावर तार जिथून निघाली तिथंच, केसभरही इकडंतिकडं न होता, परत यायला पाहिजे. माझी पहिली बोटं परत येताना अडायची आणि सूर जरासा वरच राहायचा. मला ते ऐकू यायचं नाही. ती मात्र दात दुखल्यासारखा चेहरा करायची. मी पुन्हा उघडायचो, धुरी पॉलिश करायचो, स्प्रिंग बदलायचो. कानशीचा एक हात जास्त पडला की तुकडा फुकट. असे कितीतरी तुकडे फुकट गेले. पहिल्यांदा आठही तारा पूर्ण ताणल्या तेव्हा मी बायकोला आणि मुलीला खोलीबाहेर काढलं आणि डोक्यात मोटारसायकलचं हेल्मेट घातलं. ताणलेली तार तुटली तर डोळा घेऊन जाते. दोघी खिडकीतून बघून हसत होत्या, पण मला घाम फुटला होता.

तारांखाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. तारांची थरथर तीच ओळखते आणि मशीनकडं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडं पाठवते. हे गुंडाळणं माझ्या हातातलं काम. त्यात मला कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि पहिल्यांदा ती पेडलांवर अनवाणी पाय ठेवून बसली. बार एका जागी धरला आणि हळूच पाय दाबला. एक सूर बाकीच्यांना सोडून एकटाच वर चढला आणि तिथं जाऊन थांबला. माणूस बोलता बोलता गहिवरतो तेव्हा आवाज असा चढतो. हातानं वाजवलेल्या कुठल्याच गिटारीतून मी हे ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. का ते मला नीट सांगता येणार नाही.

त्याच क्षणी माझी भीतीही जागी झाली. पोरगी पायाच्या बोटांपासून हाताच्या बोटांपर्यंत लोखंडाला चिकटलेली. पेडलं लोखंडाची, सळया लोखंडाच्या, तारा स्टीलच्या, हातात स्टीलचा बार, आणि हे सगळं शेवटी भिंतीतल्या विजेला जोडलेलं. म्हणून मी त्या गिटारीला अर्थ दिला. आमच्या धंद्यात अर्थिंगला अर्थच म्हणतात. एखाद्या मोटरीला जमिनीत जाणारी वायर नसली की वायरमन म्हणतो, "ह्याच्यात अर्थच न्हाई," आणि ऐकणाऱ्या शाळेतल्या मास्तर लोकांना हसू येतं. मी प्रत्येक पेडलपासून वायर नेली, तारांच्या बैठकीपासून नेली, सगळ्या मशीनच्या पत्र्याला जोडल्या, आणि मशीनला जाडजूड तीन पिनांचा प्लग बसवला. कुठं करंट उतरलाच तर तो तिच्या अंगातून न जाता तिसऱ्या पिनेतून जमिनीत जाईल. तिला बजावलं, काही झालं तरी ही तिसरी पिन काढायची नाही. तिनं मान डोलावली.

सर यंदा निवृत्त झाले. त्यांच्या गावानं सेवापूर्तीचा कार्यक्रम ठेवला आणि सरांनी एकच गोष्ट मागितली, पोरीची गिटार. सकाळी गावची जीप येऊन गिटार आणि तिला घेऊन गेली. मी शर्ट घालून तयार होतो. ती जीपच्या दारात थांबली.

"तुमी नका येऊ बाबा. तुमी समोर बसले का माझे पाय थरथर करतेत."

मी शर्ट बदलून दुकानात गेलो.

दिवस हळदीचे होते. दुकानासमोरून उकडलेल्या हळदीचा वास घेऊन ट्रॅक्टर जात होते. अकराच्या सुमारास मेंढ्या राखणारे एक आजोबा जळालेला टेबलफॅन घेऊन आले. मी खोलला, तार कोळसा झालेली. असा एकदम जळलेला पंखा मला आवडत नाही. विचारलं, आजोबा, गाव कोणतं. त्यांनी सरांचंच गाव सांगितलं.

"काहून जळला एवढा?"

"डीपीवरून न्यूटल तुटलं ना, चार दिस झाले. गावात लई पंखे जळले. आता सगळा गाव अर्थिंगवर चालून राहिला."

माझा पाना हातातच राहिला. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वीज डीपीतून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून, एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. त्या परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. ती तुटली की आमच्याकडं लोक जमिनीत लोखंडी पहार ठोकतात आणि परतीचं काम मातीला लावतात. दिवा मिणमिणला तर पहारीशी घागरभर पाणी ओततात. माती भिजते आणि दिवा उजळतो. कुणी अडाणी म्हणून हे करत नाही. लाइनमन येईपर्यंत पोरांचा अभ्यास आणि दळण कसं अडवायचं? पण अर्थाची तिसरी पिन त्याच पहारीला बांधलेली असली, तर परत जाणारा करंट तिथूनच चढून प्रत्येक यंत्राच्या पत्र्यात येऊन बसतो.

"आन मांडवात?"

"मांडवात बी तसंच. सकाळधरनं पहारीपाशी पाणी ओतून राहिले. धुरळा बसावा म्हून साऱ्या मांडवात बी पाणी मारलं."

म्हणजे ओली जमीन. अनवाणी पोरगी. आणि पेडलापासून तारेपर्यंत एकूण एक लोखंड त्या पहारीला जोडून ठेवलेलं, माझ्या हातानं, मी भित्रा म्हणून. साध्या दोन पिनांचा प्लग असता तर तिला काही झालं नसतं.

तिला फोन लावला, सरांनाही लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कार्यक्रमात ती फोन मुका करून पर्समध्ये टाकते हे मला माहीत होतं, तरी रस्ताभर एका हातानं लावत राहिलो. आजोबांना दुकानातच सोडून मोटारसायकलवर निघालो होतो, शटर उघडं होतं. पाऊण तासाचा तो रस्ता मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी तिच्या पायांचा हिशेब करत होतो. दोन्ही पाय पेडलांवर आहेत तोवर तिच्या अंगभर सारखाच करंट आहे, त्याला वाहायला वाट नाही, ती सुरक्षित आहे. पण गाणं संपलं की ती उजवा पाय काढून खाली टेकवते. लहानपणापासूनची सवय. टाळ्या वाजतात आणि ती पाय टेकवते.

गावाच्या अलीकडं ओढा आहे. तिथं मला भोंग्यातून गिटार ऐकू आली. कुठल्याही देवाची आठवण मला त्या वेळी झाली नाही. मी फक्त म्हणत होतो, संपवू नको, संपवू नको. आवाज चालू आहे तोवर पोरगी आहे. ओढ्यातून गाडी वर चढली आणि आवाज थांबला.

मी गाडी थांबवली. का थांबवली कोण जाणे, पुढं जायला हवं होतं.  भोंग्यातून काहीच येत नव्हतं. कोणी ओरडतंय का म्हणून मी कान दिला, आणि ओरडणं ऐकू येईल या भीतीनं कान काढूनही घेतला. मग टाळ्या आल्या. मग निवेदकाचा घसा खाकरणं, सरांच्या आवडीचं पुढचं गाणं सादर होत आहे. आणि पुन्हा तो एकटा चढत जाणारा सूर.

मांडवात शिरलो तो सरळ मेन स्विचकडं. मांडवाचा वायरमन तिथंच खुर्ची टाकून बसला होता. त्याला न विचारता खटका खाली ओढला. पंखे, भोंगे, गिटार, सगळं एकदम मेलं. शंभर माणसं माझ्याकडं वळली. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्याला कोन बोलावलं?" मी चिखलातून चालत मंचापाशी, म्हणजे ओल्या मातीच्या ओट्यापाशी गेलो. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, दोन्ही पाय पेडलांवर.

"पाय खाली टेकू नको."

ती माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाली, "टेकलेच न्हाईत. धा वाजल्यापासून."

तेव्हा मी तिच्या पायांकडं पाहिलं. पोटऱ्या लटलट कापत होत्या. इतका वेळ तिनं दोन्ही टाचा अधांतरी धरल्या होत्या. दोन गाण्यांच्या मध्येसुद्धा.

मी तिला मांडवाच्या मागं नेलं. सर पण मागोमाग आले. तिनं सांगितलं, सकाळी आवाज तपासताना टाच जमिनीला लागली आणि कोपरापर्यंत सणक गेली. वायरमनला सांगितलं तर तो म्हणाला, साऱ्यांनाच थोडं थोडं येऊन राहिलं, चपला घाला. चपला घातल्या तर पेडल कळत नाही. मग तिनं ठरवलं की पाय खाली ठेवायचेच नाहीत.

"मोटर भरणाराची लेक तू," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "काय होतं ते तुला समजत न्हाई?"

"समजते."

"मग मला फोन काहून केला न्हाई?"

"तुमी आले असते आन गिटार उचलून नेली असती. पुन्हा कधी वाजवू दिली नसती. कुट्टी गेली, शिलाई मशीनची मोटर गेली. मला माहीत हाय ना तुमचं."

"करंटचं भ्याव न्हाई वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. "तुमचं जास्त वाटलं."

सरांनी मान फिरवली. मी तिथं ओल्या मातीत उभा राहिलो. आयुष्यभर मी समजत होतो की माझी भीती तिच्याभोवती कुंपणासारखी आहे. त्या दिवशी कळलं की तिनं मरणाच्या दारात बसून वाजवलं ते माझ्या भीतीला भिऊन. कुट्टीची जाळी लावायची राहिली तो माझा आळस होता. हे मात्र मी इतकी वर्षं रोज जपून, मेहनतीनं केलं होतं.

मला तेव्हाही गिटार उचलून घरी जावंसंच वाटत होतं. अजून सांगतो, तेच वाटत होतं. पण सर हळूच म्हणाले, "एक गानं ऱ्हायलं हाय माझं." गावच्या प्रचाराच्या गाडीत बॅटरी आणि इन्व्हर्टर होता. मी गिटारीचं मशीन त्याच्यावर घेतलं. मांडवाच्या विजेशी त्याचा काही संबंध ठेवला नाही. तारांना टेस्टर लावला, पेडलांना लावला, आणि लोक हसत असताना पुन्हा लावला. तिनं सरांचं गाणं पूर्ण वाजवलं. मी काही ऐकलं नाही, मी पायांकडंच बघत होतो.

परत येताना गिटार जीपमध्ये आणि ती माझ्या मागं गाडीवर होती. पुसेगाव गेल्यावर मी विचारलं, "पुन्हा असं झालं तर सांगशील का?"

"तुमी काय करान त्याच्यावर हाय."

 मी म्हणालो, "भिईन तर मी. पण गिटार उचलनार न्हाई."

"बघू," ती म्हणाली.

महिनाभरानं एका लग्नात तिला बोलावणं आलं. मी गेलो नाही. दुपारी दुकानात फोन वाजला.

"बाबा, हितं तारांना झिनझिन येऊन राहिली."

 पोरी, ये घरी, असं तोंडात आलं होतं. मी तिला सांगितलं, आधी मेन बंद करायला लाव, मग प्लग काढ, मशीन बँडच्या गाडीतल्या बॅटरी-इन्व्हर्टरवर घे, कोरडी फळी मागून पायाखाली टाक. तिनं एकेक करून केलं आणि मला सांगत गेली. शेवटी विचारलं, "मंग वाजवू?"

"वाजव," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. ती वाजवत असेल तो सबंध तास मी दुकानात उभाच होतो, आणि एका मोटरीलाही हात लावू शकलो नाही.